भावाला स्किझोफ्रेनिया, मग माझं काय?

वय २७, लग्नाची बोलणी सुरू. धाकट्या भावाला २१व्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिने आल्या आल्याच विचारलं, "मॅडम, आम्ही दोघंच भावंडं. त्यातला एक आजारी. म्हणजे आमच्या घरात निम्म्यांना होतो, असंच ना?"

चूक तिच्या मोजणीत होती. कागदावर दहा घरं काढली, प्रत्येक घरात दोन भावंडं आणि एक आजारी. वीसांत दहा, म्हणजे पन्नास टक्के! पण ही घरं आपल्या यादीत आलीच मुळी त्या आजारी माणसामुळे. त्याला वगळून फक्त त्याची भावंडं मोजली तर दहांत शून्य. श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ही मेख काढली. दुसरी मेख वयाची. दहा वर्षांचं भावंड आज धडधाकट असलं, तरी त्याला 'सुटला' म्हणता येत नाही. म्हणून आजार सुरू होण्याच्या वयाआधीची मुलं मोजायचीच नाहीत, त्या वयातली अर्धी धरायची, ते ओलांडलेली पूर्ण.

या पद्धतीने म्युनिकच्या मानसोपचारतज्ज्ञ एर्न्स्ट रूडिनने ७००हून अधिक कुटुंबं तपासली आणि १९१६ साली निष्कर्ष छापले. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या साध्या नियमाने निरोगी आईबापांच्या चार मुलांत एक आजारी निघायला हवं होतं. निघाली जेमतेम पाच टक्के. मग एकाऐवजी दोन आनुवंशिक घटक असतील, असं ठिगळ त्याने लावलं. इथवर ठीक होतं. पण १९३३च्या जर्मन नसबंदी कायद्याला शास्त्राचा आधार देणाऱ्यांत हाच माणूस पुढे होता. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. त्याच्या स्वतःच्या आकड्यांत याला काडीचाही आधार नव्हता.

मग तिच्या घरचा तीन पिढ्यांचा तक्ता काढला. प्रत्येकाचं आजचं किंवा मृत्यूसमयीचं वय, आजार कधी सुरू झाला, गोळ्या कोणत्या, इस्पितळात दाखल केल्याचे कागद आहेत का. 'डोक्यावर परिणाम' ही नोंद चालत नाही. एका मामाबद्दल तेवढंच माहीत होतं. जुन्या कागदांत फिटच्या गोळ्या निघाल्या. मामा हिशोबातून गेला.

सर्वसाधारण धोका शंभरात एक. सख्ख्या भावंडाला साधारण नऊ. धोक्याची काही वर्षं सरल्यामुळे तिचा त्याहून थोडा कमी, पण बायकांत आजार तिशीतही सुरू होतो, म्हणून शून्य नाही. ती निरोगी राहिली तर तिच्या मुलांना शंभरात तीन-चार. नक्की सांगेल अशी रक्ततपासणी नाही. गांजापासून लांब राहायचं. झोप उडणं, माणसं टाळणं, संशय हे दोन-तीन आठवडे टिकलं तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे.

"मुलाकडच्यांना काय सांगू?"

भावाचा आजार सांगा, त्याचे उपचार सांगा. वर हा तक्ताही दाखवा, मामाच्या कागदासकट.