लाइटरूम क्लासिकमधून परत लाइटरूम ६ वर येता येतं का? दोन्ही सोबत चालवता येतात का?

तुमची अडचण मला अशी समजली: नागपुरातल्या स्टुडिओत जुन्या संगणकावर लाइटरूम ६ (फोटो सांभाळायचं आणि सुधारायचं ॲडोबीचं सॉफ्टवेअर) आहे, नव्या लॅपटॉपवर मासिक वर्गणीचं लाइटरूम क्लासिक घेतलंत. जुना कॅटलॉग क्लासिकमध्ये उघडून दोन महिने काम केलंत. आता तोच कॅटलॉग जुन्या संगणकावर उघडायला गेलात, तर नव्या व्हर्जनचा आहे म्हणून तो उघडतच नाही.

परत येता येतं, पण कॅटलॉग घेऊन नाही. कॅटलॉग म्हणजे फोटोंची आणि त्यांवरच्या एडिटिंगची नोंदवही, एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस. नवं व्हर्जन त्याची रचना बदलतं आणि ती मागे फिरवायची सोय कुठेच नाही. मात्र क्लासिक मूळ कॅटलॉगला हात लावत नाही. त्याची नवी प्रत काढतं आणि नावापुढे व्हर्जनचा आकडा किंवा नुसता २ जोडतं. म्हणजे जुन्या नावाची एलआरकॅट फाइल त्याच फोल्डरमध्ये असणार. लाइटरूम ६ मध्ये ती उघडा, दोन महिन्यांपूर्वीपर्यंतचं सगळं दिसेल. थंबनेल राखाडी दिसले तर घाबरू नका. अपग्रेड करताना प्रीव्ह्यूचं फोल्डर नव्या कॅटलॉगच्या नावावर जातं. लायब्ररी मेनूतून स्टँडर्ड प्रीव्ह्यू पुन्हा बनवायला लावा आणि रात्रभर चालू द्या.

आता मधल्या दोन महिन्यांचं काम. ते आणायचा रस्ता एक्सएमपीचा, म्हणजे फोटोची माहिती आणि एडिटिंग लिहून ठेवणाऱ्या छोट्या फाइलचा. क्लासिकमध्ये तेवढे फोटो निवडून लायब्ररीत कंट्रोल-एस दाबा. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइलच्या) शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल तयार होते. जेपीईजी आणि डीएनजीमध्ये (ॲडोबीचं रॉ स्वरूप) हीच माहिती फाइलच्या आतच लिहिली जाते. मग लाइटरूम ६ मध्ये, जे फोटो कॅटलॉगमध्ये आधीपासून आहेत ते निवडून मेटाडेटा मेनूतला 'रीड मेटाडेटा फ्रॉम फाइल' द्या. नवे फोटो इम्पोर्ट करताना वर 'ॲड' निवडा, 'कॉपी' नको.

या रस्त्याने तारे, कीवर्ड, कॅप्शन आणि डेव्हलपचे नेहमीचे स्लायडर येतात. रंगाचे लेबलही येतात, पण दोन्हीकडे लेबलची नावं सारखी असतील तरच. नाहीतर लाल-पिवळ्याच्या जागी पांढरं लेबल दिसतं. कलेक्शन (फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची कॅटलॉगमधली दुसरी एडिट), हिस्टरीच्या पायऱ्या आणि फ्लॅग (निवडीची खूण) येत नाहीत. लग्नाच्या अल्बमसाठी निवड फ्लॅगने केली असेल तर इथेच फसगत होते. म्हणून कंट्रोल-एस आधी दोन कामं करा. फ्लॅग लावलेले फोटो फिल्टरने वेगळे काढून त्यांना पाच तारे द्या. आणि प्रत्येक कलेक्शनमधले सगळे फोटो निवडून त्यांना कलेक्शनच्याच नावाचा कीवर्ड द्या, समजा 'अल्बम-अंतिम'. पलीकडे त्या कीवर्डवर स्मार्ट कलेक्शन केलं की त्याच फोटोंचं कलेक्शन उभं राहतं. व्हर्च्युअल कॉपी मात्र १६ बिट टिफमध्ये एक्स्पोर्ट करून घ्या, तोच सोपा उपाय.

खरी डोकेदुखी रंगांची. लाइटरूम ६ ला २०१२ च्या प्रोसेस व्हर्जनपर्यंतचंच (स्लायडरचा हिशोब करायची पद्धत) कळतं. शिवाय एप्रिल २०१८ च्या ७.३ पासून क्लासिकमध्ये नव्या रॉ फोटोंना 'ॲडोबी कलर' हे प्रोफाइल आपोआप लागतं आणि लाइटरूम ६ मध्ये ते नाहीच. म्हणून एकही स्लायडर न हलवलेला फोटोसुद्धा पलीकडे वेगळा दिसतो. लोक मॉनिटरला दोष देत बसतात. जे फोटो परत न्यायचेच आहेत त्यांना क्लासिकमध्येच प्रोफाइल 'ॲडोबी स्टँडर्ड' द्या, कॅलिब्रेशन पॅनलमध्ये प्रोसेस 'व्हर्जन ३' (म्हणजेच २०१२ चं) निवडा, आणि त्यानंतर एडिटिंग सुरू करा. आधी एडिट करून मग प्रोसेस बदललात तर टोन हलतो. टेक्स्चर, कलर ग्रेडिंग, एआय मास्क ही सगळी लाइटरूम ६ नंतरची भर. ती पलीकडे कळतच नाही. असे फोटो पूर्ण करून टिफ काढा आणि विषय संपवा.

दोन्ही सोबत चालवायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एक काम एकाच व्हर्जनमध्ये. जुनी लग्नं लाइटरूम ६ च्या कॅटलॉगमध्ये राहू द्या, नव्या सीझनसाठी क्लासिकमध्ये कोरा कॅटलॉग उघडा. एकच फोल्डर दोन्हीकडून एडिट करायची वेळ आलीच, तर लाइटरूम ६ च्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या टॅबवर 'ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी' बंद ठेवा. जुन्याला जेवढं कळतं तेवढंच ते लिहितं, आणि नव्याने केलेलं काम त्या फाइलमधून पुसलं जाऊ शकतं.

नवा कॅमेरा घेतला असेल तर आणखी एक अडथळा आहे. लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट ६.१४, डिसेंबर २०१७ चं. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल, उदाहरणार्थ कॅननच्या सीआर३, ते उघडत नाही. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपॅटिबिलिटी जुन्या कॅमेरा रॉ व्हर्जनची निवडा आणि फाइल बदलून घ्या. मूळ रॉ मात्र पुसू नका. प्रीसेटचंही (साठवून ठेवलेल्या तयार सेटिंग्जचंही) असंच: ७.३ पासून ते एक्सएमपी स्वरूपात गेले, म्हणून नवे प्रीसेट लाइटरूम ६ मध्ये चालत नाहीत.

फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर दोन्ही संगणकांवर तिला एकच ड्राइव्ह अक्षर द्या. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'पी' लावून टाका. नाहीतर एकीकडे ई, दुसरीकडे एफ, आणि सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्ह. कॅटलॉग नेटवर्कच्या ड्राइव्हवर ठेवायच्या फंदात पडू नका, लाइटरूम तो तिथून उघडतच नाही.

कॅटलॉग हलवताना आधी प्रोग्राम पूर्ण बंद करा. २०२१ च्या ११ व्या व्हर्जनपासून एलआरकॅटसोबत 'एलआरकॅट-डेटा' असतं. एआय मास्कची माहिती त्यात राहते, म्हणून दोन्ही सोबतच न्यायचे. प्रीव्ह्यू नाही नेले तरी चालतं. फोल्डरमध्ये 'वाल' शेपटीची फाइल राहिली असेल तर ती पुसू नका, त्यात कॅटलॉगमध्ये अजून न गेलेलं काम असू शकतं. कॅटलॉग एकदा उघडून नीट बंद केला की ती सहसा आपसूक जाते. 'लॉक' फाइल मात्र क्रॅशनंतर अडकून राहिली आणि प्रोग्राम बंद असेल, तर खुशाल काढा.

पुढे क्लासिकचं मोठं अपडेट येईल तेव्हा ॲडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमध्ये ऑटो-अपडेट बंद ठेवा आणि 'जुनी व्हर्जन काढा'वरची खूण उडवा. मागचं व्हर्जन लागलंच तर ॲपच्या नावापुढच्या तीन टिंबांमध्ये जुनी व्हर्जन मिळतात. कॅटलॉगचा नियम तिथेही तोच: अपग्रेड झालेला मागच्यात उघडणार नाही, त्याआधीची प्रत लागेल. अपग्रेड करण्याआधी फाइल मेनूतून 'ऑप्टिमाइझ कॅटलॉग' चालवा, कॅटलॉगच्या तिप्पट जागा रिकामी ठेवा, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच बसा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी वीज गेली आणि अपग्रेड अर्धवट राहिलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा चातुर्मासात करा. लग्नं नसतात, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअरही बंद असतो, म्हणजे वाघांच्या फोटोंचीही घाई नाही.

वर्गणी बंद केली तर फोटो अडकतील ही भीती काढून टाका. क्लासिक तेव्हाही उघडतं, फोटो बघता येतात, एक्स्पोर्टही होतात. बंद होतात ते डेव्हलप आणि मॅप हे दोन मॉड्यूल. म्हणजे वर सांगितलेलं फ्लॅग, कीवर्ड आणि कंट्रोल-एसचं काम तेव्हाही करता येईल. प्रोफाइल आणि प्रोसेस व्हर्जनचं काम तेवढं वर्गणी चालू असतानाच उरकून घ्या.