पशुसंवर्धनाची शिबिरं होऊनही शेळ्या पाळणाऱ्या बायकांपर्यंत माहिती का पोचत नाही?
कारण शिबिराची वेळ, जागा आणि विषय बहुतेकदा गोठा आणि जमीन असलेल्या पुरुषाच्या सोयीने ठरतात. शेळ्या मात्र बऱ्याचदा भूमिहीन किंवा अल्पभूधारक घरातली बाई सांभाळते. सकाळी अकराला चावडीवर मुरघासाचं, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, प्रात्यक्षिक चालू असतं तेव्हा ती दुसऱ्याच्या रानात खुरपत असते, आणि मुरघासासाठी मका लावायला तिच्याकडे वावरच नसतं. तिला हवी असते पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस, जंताचं औषध आणि पावसाळ्यात करडं का दगावतात याचं उत्तर. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर होत्या, म्हणजे हा काही किरकोळ प्रश्न नाही. दूधवाल्याला निदान संकलन केंद्रावर दोन गोष्टी कानावर पडतात. शेळीचं गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी नाहीतर खाटीक, तो कशाला सल्ला देईल? मेंढपाळ धनगरांचं तर आणखी अवघड: दिवाळीनंतर अनेकांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, कोकणात उतरतात, आणि गावातलं लसीकरण त्यांच्या माघारी उरकतं. मात्र सगळीकडे असंच आहे असं नाही. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बायका, जिथे नेटाने काम करतात तिथे माहिती दारापर्यंत जाते, अर्थात लसीचा पुरवठा त्यांच्या हातात नसतो.