आम्ही दादरला मित्राकडे जमून ट्रेडिंग कार्डांचे (पाकिटं विकत घेऊन जमवायच्या कार्डांचे) खेळ खेळतो. त्यातली दुर्मिळ कार्डं मुद्दाम इतकी ताकदवान ठेवतात का? मग पैसेवालाच जिंकणार ना?

सुरुवातीला थोडंफार तसंच होतं. १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा असाच कार्डांचा खेळ आला तेव्हा हिशोब असा, की लोक मोजकीच पाकिटं घेतील आणि ‘ब्लॅक लोटस’सारखं ताकदवान कार्ड एखाद्याकडेच असेल. हे कार्ड फुकटात टाका, तीन ‘माना’ (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) घ्या. चौथ्या चालीची खेळी पहिल्याच चालीत! लोकांनी खोकीच्या खोकी उचलली, हिशोब बोंबलला. आता स्पर्धांच्या ‘व्हिंटेज’ प्रकारात ते डेकमध्ये (खेळाडूच्या गठ्ठ्यात) एकच चालतं, ‘लेगसी’ प्रकारात बंदीच.

दादरला मित्राकडे जमून खेळता म्हणालात, तर सगळ्यांना विचारून सरळ अशा महागड्या कार्डांचे प्रिंटआउट वापरा. अधिकृत स्पर्धेत मात्र अस्सलच लागतं. आणि हो, स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणारी सोनेरी पोकेमॉन कार्डं नकली असतात, स्पर्धेत कोणी बसू देणार नाही.