कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) ९० अंशांवरच असेल, तर टर्बो इंजिनात पिस्टन रिंगची गॅप, म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्याच्या दोन टोकांमधली फट, वाढवायची कशाला?

कारण गेजवर दिसणारे तापमान पाण्याचे असते, रिंगचे नव्हे. वरची रिंग ज्वलनाच्या अगदी जवळ असते आणि पिस्टनची बरीचशी उष्णता तिच्यामार्फतच सिलिंडरच्या भिंतीत जाते. त्यामुळे बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला की कूलंटचा काटा जागचा हलला नाही तरी रिंग मात्र अधिक तापते.

टोयोटाच्या टू-जेझेड इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८६ मिमी, म्हणजे परीघ सुमारे २७० मिमी. बिडाची रिंग भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर तिची लांबी साधारण ०.३ मिमीने वाढते. तेवढी जागा नसेल, तर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीवर दाबली जाऊन ती ओरबाडते आणि पुष्कळदा पिस्टनची कडाच तुटून निघते. म्हणून साध्या इंजिनासाठी बोअरच्या ०.००४ पट, म्हणजे येथे ०.३४ मिमी, तर जोरदार बूस्टसाठी ०.००६ पट, म्हणजे ०.५२ मिमीच्या आसपास गॅप ठेवतात. अर्थात रिंग बनवणाऱ्याचा तक्ता हाती असेल, तर तोच प्रमाण मानावा. गॅप किंचित जास्त राहिल्यास थोडा ब्लो-बाय (रिंगजवळून खाली निसटणारा वायू) वाढतो, एवढेच. कमी राहिल्यास इंजिन उघडावे लागते.

मोजताना रिंग त्याच सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ खाली ढकलावी आणि मग गॅपमध्ये फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) लावावा. गॅप कमी भरली, तर रिंग घासायची ती एकाच टोकाला, बाहेरून आत, आणि शेवटी धारेवर उरलेली धातूची बारीक कूस (बर) काढायला विसरू नये.