गुलाम गुमान बसून होते काय?

प्रश्न : माह्या पोराच्या पुस्तकात आहे का अमेरिकेच्या लिंकनसाहेबानं तिथल्या गुलामायले सोडवलं. मंग ते चाळीस लाख लोक सोताहून काईच करत नव्हते काय? माहे आबाजी सालगडी होते, तेही मालकासमोर कधी बोलले नाही. आन लोक म्हणतात आपल्याकडं गुलामी नव्हतीच. खरं काय आहे? (मी कापूस येचाले जातो, फुरसत मिळाली का वाचतो.) – एक वाचक ताई, राळेगाव तालुका

उत्तर : ताई, गुमान कोणीच बसलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. तुम्ही वेचणी करता म्हणून कापसापासूनच सुरू करू.

सॉलोमन नॉर्थअप नावाचा काळा माणूस न्यूयॉर्क राज्यात जन्मापासून स्वतंत्र होता, पण 1841 ला त्याला फसवून पळवलं आणि विकून टाकलं, मग 12 वर्षं तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात राबला. सुटल्यावर त्याने सगळं लिहून ठेवलं. दिवसाला 200 पौंड म्हणजे आपले 90 किलो कापूस वेचणं हे तिथं साधं काम धरत. संध्याकाळी टोपल्या जिनघरात न्यायच्या, काट्यावर लावायच्या, कमी भरलं की चाबूक. आणि जास्त भरलं तरी जीव धास्तावायचा, कारण उद्यापासून तेवढंच मागणार! तुमच्याही धुऱ्यावर संध्याकाळी काटा लागतो, मजुरीवरून कटकट होते, पण उद्या येत नाही असं तुम्ही म्हणू शकता. त्यांना ते म्हणता येत नव्हतं, पोटचं लेकरूसुद्धा मालकाचं, तो वाटेल तेव्हा विकायचा.

तरी ते लढले. अमेरिकेजवळच्या हैती बेटावर 1791 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवरचे गुलाम उठले, पुढं तुसाँ लुव्हेर्त्यूर हा आधी गुलाम असलेला माणूस त्यांचा सेनापती झाला. नेपोलियनच्या फौजेने त्याला 1802 ला दगा करून पकडलं, फ्रान्समधल्या थंड किल्ल्यात तो 1803 ला मेला, पण लोक थांबले नाहीत आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झालं. मग 1825 ला फ्रान्सने लढाऊ जहाजं आणून उभी केली आणि मालकांचं नुकसान झालं म्हणून 15 कोटी फ्रँक मागितले. ज्यांनी चाबूक खाल्ले त्यांच्याकडूनच भरपाई! इंग्रजांनीही तेच केलं, त्यांच्या ताब्यातल्या जमैका बेटावर 1831 च्या ख्रिसमसला गुलामांचा मोठा उठाव झाला, 1833 ला गुलामी बंद करणारा कायदा आला, त्यात 2 कोटी पौंड मालकांना आणि राबणाऱ्यांना एक छदाम नाही. हे वाचलं की माझं डोकं अजून तापतं.

आता अमेरिका. नॅट टर्नरने 1831 ला व्हर्जिनियात उठाव केला, त्याला फाशी झाली. 1861 ला गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेची बंडखोर राज्यं आणि उत्तरेची राज्यं यांच्यात युद्ध पेटलं तसे हजारो लोक मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत पळाले. रॉबर्ट स्मॉल्सचं तर पोराला जरूर सांगा. तो दक्षिणेच्या एका जहाजावर कामाला होता. मे 1862 मध्ये एका पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले पाहून त्याने जहाजच काढलं, वाटेत बायकापोरं घेतली, कॅप्टनची गवती टोपी घातली, किल्ल्याजवळून जाताना नेहमीची शिट्टी वाजवली आणि जहाज थेट उत्तरेच्या आरमाराकडं नेलं. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लिंकन, त्याची गुलाम मुक्त केल्याची घोषणा 1 जानेवारी 1863 ची, तीही फक्त बंडखोर भागापुरती. त्यानंतर मिळून जवळपास 1,79,000 काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यात लढले, देशभरची गुलामी घटनादुरुस्तीने डिसेंबर 1865 ला गेली. लिंकनचं श्रेय खोटं नाही, पण परीक्षेच्या पेपरात या शिपायांची एक ओळ पोराने लिहायलाच पाहिजे.

त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडाकडं वळल्या, भाव चढले, आणि 1865 ला युद्ध संपताच कोसळले. तेव्हापासून आपली पऱ्हाटी साता समुद्रापारच्या भावाला बांधलेली आहे.

आपल्याकडं गुलामी नव्हती हे साफ चूक. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जात. 1833 च्या इंग्रजी कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान वगळला होता, इथं कायदा आला तो 1843 ला. आणि जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आपल्या शूद्र भावांची सुटका व्हावी ही आशा त्यांनी तिथंच लिहिली. म्हणजे तुम्ही जोडलेला धागा त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी जोडला होता.

सालगडी आणि तिथला गुलाम एकच नव्हेत, पाडव्याला साल संपलं की गडी घर बदलू शकायचा. पण उचल फिटलीच नाही तर? मग पाडवा येतो आणि जातो, माणूस तिथंच. ती वेठबिगारी, ती बंद करणारा कायदा 1976 चा.

आबाजी बोलले नाहीत म्हणता, पण घरी आल्यावर काय म्हणायचे? उचल किती घ्यायचे, कधी एखादं साल मधेच सोडलं का? आजी असतील तर त्यांना विचारा आणि मला कळवा.