वाचक विचारतात : घरी लोणी, तिकडे दणका

(या वेळचे तिन्ही प्रश्न विमानाचे निघाले. उत्तरं देणारे काका सोलापूरचेच, पायलट नाहीत. सत्तावीस वर्षं एअरलाइनच्या सिम्युलेटरच्या मेंटेनन्समध्ये होते.)

प्रश्न : काका नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहतो, बीएस्सी सेकंड इयरला आहे. तीन वर्षं घरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरचा विमान उडवायचा खेळ) एअरबसचं ए३२० प्रवासी विमान उडवतोय, हजारेक लँडिंग सहज झाली असतील, मित्र तर बटर लँडिंग म्हणतात, म्हणजे लोण्यासारखं अलगद. वाढदिवसाला मामाने हैदराबादला खऱ्या, हलणाऱ्या सिम्युलेटरमध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट घेऊन दिला. पहिलं लँडिंग असं आदळलं की शेजारच्या सीटवर मामा ओरडला, दुसरं रनवेच्या बाहेर गेलं, आणि तिसऱ्याला मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरने मधेच सगळं थांबवलं. वर मळमळलं ते वेगळंच. तीन वर्षं वाया गेली का माझी? का त्यांचंच मशीन बिघडलेलं होतं?

उत्तर : मशीन ठीक होतं रे. आयुष्यभर तीच मशीन दुरुस्त केली म्हणून बाजू घेतोय असं समजू नको (थोडी घेतोय). आधी मला सांग, तुला बसवलं कुठल्या सीटवर? मामा शेजारी होता म्हणजे तू डावीकडे, कॅप्टनच्या जागी. ए३२० मध्ये कॅप्टनची साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, डाव्या हाताला असते आणि इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे थ्रस्ट लिव्हर उजव्या हाताला. तुझी घरची जॉयस्टिक उजव्या हातात असणार, पैज लाव. म्हणजे हजार लँडिंग उजव्या हाताने शिकलास आणि परीक्षा दिलीस डाव्या हाताने, भाकरी थापणाऱ्या बाईला हात बदलून थाप म्हटल्यासारखं झालं हे.

आता पाय. घरी रडरसाठी (शेपटीवरचं सुकाणू) तू जॉयस्टिकच पिळत असशील, नाहीतर ऑटो रडर चालू असेल. तिकडे खाली खरे पेडल, पाय लांब करून सरळ दाबायचे, आणि त्यांच्याच वरच्या टोकाला ब्रेक. नवीन माणूस घाबरून टाचा उचलतो आणि ब्रेकसकट एक पेडल दाबून बसतो. तुझं दुसरं लँडिंग रनवेच्या बाहेर कसं गेलं ते मला इथे होटगी रोडला बसून दिसतंय.

तिसरी गोष्ट डोळ्यांची आणि ही सगळ्यात मोठी. घरी स्क्रीन दोन-अडीच फुटांवर, नजर तिथेच अडकलेली. मोठ्या सिममध्ये चित्र आधी पडद्यावर पडतं आणि मग कॉकपिटभोवतीच्या भल्यामोठ्या वाकड्या आरशातून तुझ्यापर्यंत येतं, त्यामुळे डोळ्याला ते खरंच लांब, क्षितिजावर असल्यासारखं वाटतं आणि बाजूलाही पसरलेलं असतं. जमीन वर येतेय हे माणूस बरंचसं डोळ्याच्या कडांनी ओळखतो. तुला कडा वापरायची सवयच नाही, त्यामुळे तू काय केलं असणार तर मान खाली घालून आकडे वाचले, उंची सांगणारा आवाज म्हणतोय फिफ्टी, फोर्टी, थर्टी फूट, आणि तुझं लक्ष आत. नाक उचलायची वेळ बाहेर बघून कळते. घरी सिमवर शिकून आलेल्या पोरांबद्दल फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांची हीच तक्रार असते, बाहेर बघतच नाहीत.

आता हलण्याबद्दल, कारण तू त्याबद्दल विचारलंच नाहीस आणि मला मात्र सांगायचंय. ती केबिन सहा पायांवर उभी असते, पाय लांब-आखूड होतात, आणि एवढं करून ती जागेवरून मीटर-दोन मीटरच सरकते. मग रनवेवर धावताना पाठ सीटला कशी चिकटते? युक्ती अशी की तू लिव्हर पुढे ढकललास की केबिन पुढे एक छोटा धक्का देते आणि मग नाक वर करून हळूहळू मागे कलते, आतलं चित्र मात्र सपाटच राहतं. तुझंच वजन पाठीवर येतं आणि मेंदू म्हणतो वा काय वेग घेतला. ब्रेक मारलास की उलटं, पुढे कलून तू पट्ट्यात लोंबतोस. कलणं इतकं सावकाश असतं की कानातल्या तोलाला पत्ता लागत नाही, आणि मधल्या वेळात केबिन गुपचूप मूळ जागी येते, त्याला वॉशआउट म्हणतात. मी खाली हॉलमध्ये उभा राहून हजारदा बघितलंय, आत दोन माणसं घाम गाळत टेकऑफ करतायत आणि बाहेरून नुसता रांजण कलता केल्यासारखं दिसतंय. हे खेळ जुनेच आहेत, १९२९ मध्ये एडविन लिंकने पहिला ट्रेनर बनवला तो वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचाच भाऊबंद.

पण यालाही मर्यादा आहे. लढाऊ विमानासारखं मिनिटभर अंग दाबून धरणं त्याला जमत नाही, आणि हलण्याने ट्रेनिंगला नेमका किती फायदा होतो यावर जाणकारांतही वाद आहे. मला विचारशील तर सगळ्यात खरं काय वाटतं, तर नाकाचं चाक रनवेच्या मधल्या दिव्यांवरून जाताना सीटखाली येणारं टक टक टक. ते जरा कमी-जास्त झालं तरी पायलट बाहेर येऊन माझ्याकडे तक्रार लिहायचे.

मळमळ म्हणशील तर तो इन्स्ट्रक्टरचा फ्रीझ, म्हणजे सगळं मधेच थांबवणं. वळणात असताना चित्र एकदम थांबलं की डोळे म्हणतात थांबलो आणि पोट म्हणतं नाही. जुने पायलट फ्रीझ म्हटलं की डोळे मिटून घेतात. तू गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून वर भजी खाणारा असशील तरी तिथे पोट ढवळेल.

वाया काही गेलं नाही. स्विच कुठे, फ्लॅप कधी, अ‍ॅप्रोचचा क्रम काय, हे तुला पाठ आहे आणि तिथे नवख्याची दमछाक त्यातच होते. जॉयस्टिक डावीकडे घे, जुने का होईना पेडल घे, आणि मुख्य म्हणजे पॉज बटणावर चिकटपट्टी लाव. एअरलाइनचं खरं सेशन चार तासांचं असतं, मागे बसलेला माणूस टेकऑफला व्ही-वनच्या (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडून थांबता येत नाही) आसपास इंजिन बंद पाडतो, आगीची घंटा वाजवतो, शेजारचा पायलट दुसरंच काहीतरी वाचत असतो. दार उघडून ती माणसं बाहेर यायची तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेले असायचे, आणि केबिन किती हलली यावर चकार शब्द नाही, सगळी चर्चा तू असं का म्हणालास आणि मी काय ऐकलं याची.

प्रश्न : दादा, माझा मुलगा अकरावीला आहे. त्याला सिम्युलेटरच्या सेटअपला सत्तर हजार हवेत, म्हणतो यानेच पायलट होणार. द्यावेत का? (एक आई, सात रस्ता)

उत्तर : ताई, आधी त्याची क्लास टू मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) करून घ्या आणि मग क्लास वन, कारण डोळ्यात-कानात काही निघालं तर पुढचं गणितच बदलतं. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या खोलीतला एक मिनिटही डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) त्यात धरत नाही. छंद म्हणून मात्र चांगलाय. फ्लाइटगिअर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि सेकंडहँड जॉयस्टिक घेऊन सहा महिने बघा. तेव्हाही रोज चेकलिस्ट वाचून उडवत असेल तर पेडल घेऊन द्या, इमारतींवर विमान आपटून हसत असेल तर सत्तर हजार एफडीत राहू द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नवी पेठ. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली, सोलापूरला विमान आलं, तेव्हा आम्हीही हौसेने सोलापूर-गोवा करून आलो. उडाल्यावर थोड्याच वेळात आवाज कमी झाला आणि विमान खाली जातंय असं स्पष्ट वाटलं, सौभाग्यवतींनी सिद्धेश्वराचं नाव घेतलं. काही बिघाड होता का?

उत्तर : गुरुजी, काही बिघाड नव्हता. टेकऑफला इंजिनं जोर लावतात, ठरावीक उंचीवर गेलं की पायलट तो जोर कमी करून चढणीचा ठेवतो. विमान चढतच असतं, फक्त वेग वाढायचा कमी होतो, पाठीवरचा दाब सुटतो आणि कानातला तोल सांगतो नाक खाली गेलं. वरच्या पोराला सिम्युलेटरने फसवलं तीच गोष्ट, फक्त तिथे कलवून वेगाचा भास करतात आणि इथे वेग वाढायचा कमी झाल्याने कलल्याचा भास झाला. रात्री अंधारात पायलटलासुद्धा असं होतं, म्हणून त्यांना अंगावर विश्वास न ठेवता समोरच्या यंत्रावर ठेवायला शिकवतात. पुढच्या वेळी खिडकीतून क्षितिज बघा. हातातल्या बाटलीतल्या पाण्याकडे बघून अंदाज बांधू नका, ते पाणीही कानासारखंच फसतं.