बाइट फोर्ससारखा रोबो बनवला तर रोबोवॉर जिंकता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडीकडच्या एका पॉलिटेक्निकची चार मुलं १५ किलो गटाच्या रोबोवॉरसाठी, म्हणजे रोबोंच्या लढतींच्या स्पर्धेसाठी, रोबो बनवताहेत. बाइट फोर्स या अमेरिकेतल्या नावाजलेल्या लढाऊ रोबोचं रेकॉर्ड बघून त्यांनी उभं फिरणारं पातं, म्हणजे व्हर्टिकल स्पिनर, ठरवलाय. रेकॉर्डवरून डिझाइन निवडणं बरोबर आहे का आणि पातं किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) फिरवावं, असं त्यांनी विचारलंय.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे कितपत ऐकायचं ते तुम्ही ठरवा. मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका शॉपमध्ये काम करतो. कॉलेजात असताना आणि नंतर दोनेक वर्षं आम्ही तिघांनी 'गवा' नावाचा १५ किलोचा ड्रम स्पिनर, म्हणजे पात्याऐवजी दात लावलेला ड्रम तसाच उभा फिरवणारा रोबो, लढवला. नाव ठेवताना खानापूरच्या जंगलातला गवा डोक्यात होता. रोबो प्रत्यक्षात दिसायचा पाय तुटलेल्या पाटासारखा. हुबळी, कोल्हापूर, गोवा अशा ठिकाणच्या कॉलेज फेस्टमध्ये मिळून १४ लढती केल्या. ८ जिंकल्या, ६ हरल्या. त्या सहांतली एकच लढत समोरच्याच्या शस्त्राने आमच्याकडून काढून घेतली. बाकीच्या पाच आम्ही घरूनच हरून निघालो होतो, फक्त कळलं आखाड्यात गेल्यावर.

आता बाइट फोर्स. पॉल व्हेंटिमिलिया यांच्या टीमचा हा रोबो. बॅटलबॉट्स या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या रोबो-लढतींच्या स्पर्धेत २०१५, २०१८ आणि २०१९ असे तीन किताब. तिथली वजनमर्यादा २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो. तुम्ही हे तीन आकडे बघितलेत आणि त्यावरून पातं ठरवलंत. पण २०१५ साली जो बाइट फोर्स जिंकला त्याला फिरणारं पातंच नव्हतं! रणगाड्यासारखे पट्टे, समोर उचलणारा काटा आणि वरून दाबून धरणारा हात, एवढंच. पट्ट्यांत चुंबक होते, त्यामुळे आखाड्याच्या लोखंडी जमिनीला धरून तो ढकलायचा. फायनलला समोर टूमस्टोन होता, रे बिलिंग्ज यांचा रोबो. पुढे आडवी फिरणारी जाड पोलादी पट्टी, बाकी काही नाही, आणि ती नीट बसली की समोरच्याचे भाग वेचायला लागायचे. त्या फायनलमध्ये ती पट्टीच बंद पडली. मग बाइट फोर्सने त्याला ढकलत नेलं आणि पंचांच्या निकालावर किताब घेतला.

पुढच्या वर्षी, २०१६ ला, बाइट फोर्स उभं पातं लावून आला. म्हणजे तुम्ही ज्याची नक्कल करताय त्याचा थोरला भाऊ. तो चॉम्प नावाच्या हातोडीवाल्या रोबोकडून पंचांच्या निकालावर हरला. आणि त्या वर्षी किताब कुणाचा? टूमस्टोनचा, तीच आडवी पट्टी घेऊन, फायनलला बॉम्बशेलला हरवून. २०१७ ला स्पर्धाच झाली नाही. २०१८ ला बाइट फोर्स परतला आणि त्या व पुढच्या हंगामात एकही लढत हरला नाही. २०१८ च्या फायनलमध्ये मिनोटॉर पडला, २०१९ च्या फायनलमध्ये विच डॉक्टर.

तेव्हा तीन किताब एका डिझाइनचे नाहीत, एका टीमचे आहेत. बिनफिरत्या शस्त्राने जिंकलेले लोक फिरत्या शस्त्राने हरले, आणि मग तेच उभं पातं सुधारून दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. मधली ती एक हार बघायला तुम्ही विसरलात.

जत्रेतल्या कुस्त्या बघत मोठे झालेल्यांना हे सोपं जाईल. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्याबाहेर चहा पिताना कुणी पैलवानाचं नाव काढलं की पुढचा प्रश्न येतोच, कुस्ती निकाली झाली की गुणांवर सुटली? रोबोचं रेकॉर्ड असंच वाचायचं. बॅटलबॉट्समध्ये लढत तीन मिनिटांची. एखादा हलेनासा झाला तर दहा आकडे मोजायचे आणि बाद, ही निकाली. दोघेही शेवटपर्यंत हलत राहिले तर किती नासधूस केली, किती चढाई केली, ताबा कुणाचा, यावर पंच ठरवणार. टूमस्टोनच्या नावावर निकाली लढती भरपूर, पण लढत लांबली आणि पट्टी बंद पडली की उरतं फक्त इकडून तिकडे पळणारं वजन. असा रोबो निवडलात तर पहिल्या मिनिटात काम झालं पाहिजे.

माझ्या धंद्यामुळे माझा लाडका रोबो मात्र वेगळाच आहे. इंग्लंडच्या रोबो वॉर्स या टीव्ही कार्यक्रमातला रेझर. वरून येणारी हायड्रॉलिक चोच, समोरच्याच्या पत्र्यातून आत घुसणारी. दिसायला इतका देखणा की बाकीचे त्याच्यापुढे भंगारातून उचलून आणल्यासारखे वाटायचे. त्याचं रेकॉर्ड बघा. दुसऱ्या मालिकेत बाहेर, तिसऱ्यात बॅकलॅशकडून बाहेर, चौथ्यात पुसीकॅटकडून बाहेर, आणि पाचव्यात विजेता. मधल्या काळात शस्त्र चोचीचंच राहिलं, बाकीचं यंत्र सुधारत गेलं. (१५ किलोत हायड्रॉलिक बसवायचा मोह मलाही झाला होता. पंप, टाकी, व्हॉल्व्ह, तेल यांचं वजन कागदावर मांडलं आणि कागद घडी घालून ठेवला.)

आता आरपीएम. इथे जरा थांबतो, कारण सगळी पोरं इथेच चुकतात. आम्हीही चुकलो.

जास्त आरपीएम म्हणजे जास्त ऊर्जा, हे खरं. फिरण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. गव्याचा ड्रम तीन किलोचा, साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा. ६००० आरपीएमला त्यात हजारेक ज्यूल साठायचे. म्हणजे १० किलोचं वजन १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली सोडल्यासारखं. ऐकायला झकास. पण ती ऊर्जा समोरच्याला द्यायची कशी? त्यासाठी दात त्याच्या अंगात शिरायला हवा.

हिशोब करून बघा. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. ड्रमवर समोरासमोर दोन दात असतील तर सेकंदाला २०० वेळा दात पुढे येतो, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांना एक. तुमचा रोबो सेकंदाला २ मीटर वेगाने समोरच्यावर चालून जातोय. दोन दातांच्या मधल्या वेळात तो पुढे सरकतो १० मिलिमीटर. दाताला जास्तीत जास्त घास मिळणार तो तेवढाच. हौसेने आरपीएम १२००० केलंत तर घास ५ मिलिमीटरवर आला. मग दात पकडत नाही, ग्राइंडरसारखा नुसता घासत बसतो. ठिणग्या मस्त उडतात, फोटो छान येतात, समोरच्याला काही होत नाही. आमच्या पहिल्या तीन लढतींचे फोटो असेच आहेत.

उपाय दोन. एक, चालायचा वेग वाढवा. दुसरा, एकच दात ठेवा आणि विरुद्ध बाजूला तेवढ्याच वजनाचा बिनदाताचा भाग ठेवून तोल साधा. त्याच आरपीएमला घास दुप्पट होतो. काही मोठ्या व्हर्टिकल स्पिनरची पाती एकदाती दिसतात त्याचं कारण हेच. त्यात तोल बिघडला तर रोबो थरथरत स्वतःचेच बोल्ट सोडवतो. तेव्हा लेथवर डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना ड्रम किती डगमगतो ते, बघितल्याशिवाय ड्रम बसवू नका.

उभ्या पात्याची आणखी एक खोड आहे. ते पूर्ण वेगात असताना जोरात वळलात की एका बाजूचं चाक उचललं जातं. भोवऱ्याचा गुण आहे, पात्याला आपला आस वळवून घ्यायचा नसतो. आमचा ड्रायव्हर (आता बँकेत आहे, गाडी अजून तशीच चालवतो) हुबळीला एकदा असा गर्रकन वळला की गवा स्वतःच उलटा झाला. समोरचा आला, बघितलं, बाजूला जाऊन उभा राहिला. दहा मोजून झाले. उलट्यावरही चालता येईल इतकी मोठी चाकं तोवर आम्ही लावली नव्हती. मिनोटॉर बघा, ब्राझीलच्या रिओबोट्स टीमचा ड्रमवाला, तो उलटा पडला तरी तसाच लढत राहतो. आम्ही पुढच्या वेळी चाकं मोठी केली ती त्याच्याकडे बघून. त्या टीमचे मार्गदर्शक मार्को मेगिओलारो हे प्राध्यापक आहेत. त्यांनी २००९ मध्ये लढाऊ रोबोंवरचं एक जाडजूड ट्युटोरिअल पीडीएफ करून फुकट ठेवलंय. इंग्रजीत आहे, पण धातू, मोटर, बॅटरी सगळं हिशोबासकट. कुठलाही व्हिडिओ बघण्याआधी त्यातला धातूंचा भाग वाचा.

धातूवरून आठवलं. ड्रमचे दात आम्ही ईएन-२४ पोलादाचे केले आणि 'जेवढं कडक तेवढं चांगलं' म्हणून हार्डनिंगवाल्याला ५२ एचआरसी (कडकपणाचं माप) सांगितलं. कोल्हापूरच्या पहिल्याच टकरीत एका दाताचा कोपरा काचेसारखा उडाला. पुन्हा टेंपर करून, म्हणजे तापवून कडकपणा उतरवून, ४४-४५ वर आणल्यावर दात बोथट व्हायचे, पण तुटायचे नाहीत. बोथट दात फाइल करता येतो. तुटलेल्याचं काय करणार?

शाफ्टची गोष्ट तर याहून सोपी होती आणि जास्त महाग पडली. चाकं शाफ्टवर आम्ही ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, आवळली होती. शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे टर्नर होते, कानडी माणूस, बेळगावात जन्म गेल्यामुळे मराठी आपल्याइतकंच. मी शाफ्ट घेऊन गेलो होतो नुसतं फेसिंग करायला. त्यांनी तो चकमध्ये धरायच्या आधी हातात फिरवला, ग्रब स्क्रूचं भोक नखाने चाचपलं आणि म्हणाले, "आगंगिल्ल री." जमणार नाही. मी म्हटलं, "मामा, लॉकटाइट लावतो की." (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक.) त्यांनी काही उत्तर दिलं नाही. शाफ्टवर खडूने की-वेची, म्हणजे चाक घसरू नये म्हणून चावी बसवायच्या खाचेची, रेघ मारून माझ्या हातात परत दिला. मी ती रेघ पुसून घरी आलो. गोव्यात दुसऱ्या लढतीत डावं चाक शाफ्टवर मोकळं फिरायला लागलं आणि गवा उरलेली दोन मिनिटं जागच्या जागी गोल फिरत राहिला. लोक हसत होते. आल्यावर पहिल्यांदा की-वे मारून घेतला. मामा एवढंच म्हणाले, "आता कसं!"

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. व्हर्टिकल स्पिनर बनवा, निवड चुकीची नाही. दात एकच ठेवा, पहिल्या स्पर्धेला आरपीएम ५००० ते ६००० च्या पुढे नेऊ नका, उलट्यावर चालता आलं पाहिजे. बाइट फोर्ससारखे चुंबक लावायचा विचार असेल तर आधी आयोजकांना फोन करून जमीन कशाची आहे ते विचारा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी प्लायवूड असतं, तिथे चुंबक म्हणजे नुसतं ओझं. लोखंडी पत्रा असेल तर वेल्डिंगचे सांधे वर आलेले असतात, पात्याची उंची तेवढी ठेवा. आमचा ड्रम एकदा अशाच सांध्यात बसला आणि आम्ही जमिनीशी कुस्ती हरलो.

आणि वजन १५ किलोला भिडवू नका, १४.६ च्या आसपास थांबा. घरचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांचं कधी पटत नाही. आमच्या शॉपच्या काट्यावर गवा १४.९५ होता, कोल्हापूरच्या काट्यावर १५.१८ निघाला. लाइनीत मागे वीस पोरं, हातात पाऊण तास. ड्रमला हात लावायचा नव्हता, आर्मर काढवत नव्हतं. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी काढली, तिचे चार बोल्ट काढले, जास्तीच्या झिप टाय कापल्या. १४.९९ भरलं. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. लढत सुरू झाली, गव्याने समोरच्याला पहिल्याच टकरीत कोलांटी घालायला लावली, आणि त्याच धक्क्याने आपली बॅटरी आत सरकून एक्सटी-६० चा कनेक्टर निघाला. समोरचा उलटा पडून चाकं हवेत फिरवत होता, आमचा सरळ उभा आणि मेलेला. त्याने कसंबसं स्वतःला सरळ केलं. ती काढलेली पट्टी तेव्हा माझ्या खिशात होती.